टॅरंट्युलाचं कपाट: सांगाडा आणि वायरिंग झालं, दार बाकी

पाळलेले टॅरंट्युला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, ठेवायचं हे कपाट पुण्यातल्या खोलीसाठी आहे. नेटवर मिळणारे बहुतेक आराखडे थंड देशांतले असतात आणि त्यांचा प्रश्न एकच, ऊब कशी द्यायची. इथे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खोली १६ अंशांवर येते, मे महिन्यात दुपारी तीच ३३ च्या घरात जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये डब्यांतल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) बुरशी धरते. टॅरंट्युला १६-१८ अंशांची रात्र निमूट काढतो, फार तर खाणं सोडतो. ४० अंशांच्या पुढे मात्र तो टिकत नाही. म्हणून सगळी आखणी एका अटीवर केली: काहीही बिघडलं तरी कपाट थंड पडावं, तापू नये.

बाहेरचं माप १२० × ६० × ४० सेंमी, चार कप्पे; कोळी कप्प्यांत ठेवलेल्या डब्यांत राहतात. प्लायवुड घेतलं नाही. आपल्याकडे वाळवीरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लायच्या डिंकातच अनेकदा कीटकनाशक असतं, आणि वाळवीला मारणारं औषध कोळ्याला सोडत नाही. त्याऐवजी खिडक्यांच्या कामाचे ॲल्युमिनियम सेक्शन, आतून-बाहेरून ३ मिमी एसीपी (प्लास्टिकच्या गाभ्याचं ॲल्युमिनियम शीट) आणि मध्ये २५ मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारा कडक फोम). ॲल्युमिनियम उष्णता बाहेर काढतं, म्हणून सेक्शनच्या आतल्या बाजूनेही एक्सपीएसची पट्टी फिरवली आहे. ही पट्टी फॅब्रिकेटर हमखास विसरतो, उभं राहून करून घ्यावी. सिलिकॉन बाथरूमचं बुरशीरोधक नको, काचेचं साधं घ्या आणि आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत थांबा.

हीटरचा हिशेब सविस्तर देतो, कारण गडबड इथेच होते. दार सोडून उरलेला पृष्ठभाग २.१६ चौरस मीटर. त्यातून दर अंश फरकाला साधारण २.३ वॉट जातात. दार ०.७२ चौरस मीटर. ५ मिमीची एकेरी काच लावली तर एकट्या दारातून जवळपास ४ वॉट, म्हणजे पाऊण चौरस मीटरही नसलेलं दार बाकीच्या सगळ्या कपाटापेक्षा जास्त उष्णता घालवतं. ३ मिमीची दोन ॲक्रिलिक शीट आणि मध्ये १२ मिमी पोकळी ठेवली, तर हा आकडा सुमारे २ वर येतो. सांधे, जाळ्या, सेक्शन यांचं धरून एकूण ६.५ ते ७ वॉट प्रतिअंश. बाहेर १६, आत २५ हवे तर साधारण ६० वॉट लागतात.

यावर ‘असू दे जास्तीचा’ म्हणून १५० वॉटचा हीटर लावायचा मोह होतो. तापमान बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरचा रिले (आतला विजेचा स्विच) बिघडतो तेव्हा त्याचे कॉन्टॅक्ट बरेचदा चिकटून बसतात आणि हीटर बंदच होत नाही. १५० वॉट सतत चालू राहिले तर आतलं तापमान खोलीपेक्षा बावीसेक अंशांनी चढतं, थंडीतही ३८. ७५ वॉट असतील तर चढ ११ अंशांचा, म्हणजे थंडीत २७. कोळ्यांना कळणारही नाही. म्हणून ५० आणि २५ वॉटच्या दोन हीट केबल (तापणाऱ्या वायरी) घेतल्या. केबल कापायची नाही आणि स्वतःवरून ओलांडू द्यायची नाही. मे महिन्यात मात्र हेच ७५ वॉट ३३ चे ४४ करतील. त्यामुळे मार्चमध्ये हीटरचा प्लग काढून ठेवायचा, कंट्रोलरवर विसंबायचं नाही.

केबल मागच्या ४ सेंमी पोकळीत, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर फॉइल टेपने बसवली आहे. एक्सपीएस आणि पत्रा यांच्यात १० मिमी अंतर ठेवलं, कारण एक्सपीएस ७५-८० अंशांपुढे मऊ पडतं. डब्यांच्या खाली हीट मॅट नकोच. उकडलं की टॅरंट्युला खाली उकरत जातो, आणि खालूनच आच असेल तर तो आणखी आचेकडे जातो.

कंट्रोलर एसटीसी-१०००. घेताना २३० व्होल्टचाच आहे ना, ते बघा. दिसायला तसाच १२ व्होल्टचाही मिळतो. टर्मिनल १-२ वर वीज, ३-४ वर सेन्सर, ५-६ वर हीटर. एफ१ (हवं ते तापमान) २५.०, एफ२ (चालू-बंद होण्यातला फरक) ०.५. ७-८ म्हणजे कूलिंगचे टर्मिनल रिकामे ठेवले आहेत. तिथे एक्झॉस्ट पंखा जोडला तर तो २५.५ लाच सुरू होईल आणि मे महिन्यात खोलीतली गरम हवा आत ओढत बसेल. हीटरच्या वायरमध्ये केएसडी३०१ हा तापमानाचा स्विच, ४० अंशांचा, नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, तापला की तुटणारा), सिरीजमध्ये. तो पोकळीच्या वरच्या टोकाला बसवला, जिथे हवा कप्प्यांपेक्षा गरम असते. शिवाय डब्ल्यू१२०९ या दुसऱ्या छोट्या कंट्रोलरला बझर जोडून ३२ वर लावलाय, पी० हे सेटिंग ‘सी’ वर, म्हणजे तापमान वर गेलं की वाजेल. सगळ्याच्या मागे ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच. सेन्सर दुसऱ्या-तिसऱ्या कप्प्याच्या मध्ये क्लिपने पक्का बसवा. दार उघडताना तो बाहेर लोंबकळला तर कंट्रोलर खोलीची थंडी मोजत राहतो आणि आत भट्टी होते.

हवा फिरवायला ८० मिमीचा एकच पंखा, १२ व्होल्टचा, ९ व्होल्टवर हळू चालवलेला. पोकळीतून हवा वर, पुढून खाली. प्रत्येक फळीच्या पुढच्या आणि मागच्या कडेला २ सेंमी फट हवी, नाहीतर वरच्या-खालच्या कप्प्यांत तीन-चार अंशांचा फरक राहतो. पंखा रबरी बुशवर बसवा. थरथर फळीत उतरली तर कोळी दिवसभर बिळाबाहेर अस्वस्थ फिरतो किंवा बिळाचं तोंड बंद करून बसतो.

दमटपणा कपाटाचा नाही, डब्याचा राखायचा. १६ अंशांची ६० टक्के आर्द्रतेची हवा २५ पर्यंत तापवली की आर्द्रता ३४ टक्क्यांवर येते, म्हणून थंडीत पाण्याची वाटी कायम भरलेली आणि कोकोपीटचा एक कोपरा ओला. फॉगरच्या (धुकं सोडणाऱ्या यंत्राच्या) फंदात पडू नका; भिंती भिजतात, वायरिंग भिजतं, बुरशी येते. आर्द्रतामापक तपासायला ओलसर केलेलं साधं मीठ आणि मापक एका बंद बरणीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. कोकोपीट नर्सरीतून घेताना त्यात निंबोळी पेंड किंवा खत मिसळलेलं नाही ना, विचारून घ्या.

मे महिन्यासाठी पेल्टिअरचा, म्हणजे विजेवर एका बाजूने थंड होणाऱ्या चकतीचा, विचार सोडला. वीज खातो भरपूर, थंडावा देतो जेमतेम, वर पाणी ठिबकतं. त्याऐवजी बर्फाची बाटली: एक लिटर बर्फ वितळून २५ अंशांवर येईपर्यंत सुमारे १२० वॉट-तास उष्णता शोषतो. खोली ३३ आणि आत २९ ठेवायचे तर एक बाटली चारेक तास पुरते. वरच्या कप्प्यात ताटलीत ठेवायची, दुपारी एकदा बदलायची.

दारासाठी दोन ॲक्रिलिक शीटमधली पोकळी कोरड्या दिवसांतच बंद करायची, सिलिका जेलची पुडी टाकून. पावसाळ्यात बंद केली तर डिसेंबरात आतून दव धरेल आणि पुसता येणार नाही. कपाटाच्या झरोक्यांना ६० मेशची स्टीलची जाळी; मच्छरदाणीच्या जाळीतून बारक्या फोरिड माश्या आरामात आत येतात. डब्यांच्या झाकणांना मात्र जाळी नको, छिद्रं पाडा. जाळीत नख्या अडकून पाय तुटतो. कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, कारण कात टाकताना उताणा पडलेल्या कोळ्याला मुंग्या सोडत नाहीत. मुंग्यांचा खडू आणि डासांचं लिक्विड त्या खोलीत अजिबात नको.

दार बसल्यावर आठवडाभर रिकामं चालवायचं. वर-खाली फरक २ अंशांच्या आत आला की खालच्या कप्प्यात ग्रामोस्टोला पल्क्रा जातीचा टॅरंट्युला, वर पिल्लं. ब्रॅकीपेल्मा ही टॅरंट्युलाची दुसरी प्रजाती सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, तेव्हा २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद झाल्याशिवाय तिची जागा धरलेली नाही.