जागलीची पाळी

४ जानेवारी

शुगर मोजायची मशीन डब्यात आहे, डबा कपाटात आहे आणि कपाटाला कुलूपही नाही. तरी बोट टोचायला हात जात नाही. इन्शुलिन सुरू आहे. रात्रीचं लांब चालणारं ठरल्या वेळी घेते, जेवणाआधीचं अंदाजानं. ते सोडता येत नाही. टाईप वन मधुमेहात अंगाचं स्वतःचं इन्शुलिन जवळपास संपलेलं असतं. सुई बंद केली की रक्तात आम्ल साठत जातं आणि एक-दोन दिवसांतच माणूस आयसीयूत पोचतो. हे मला आठवीत असल्यापासून पाठ आहे. सुईचा कंटाळा नाहीच मुळी. सुई काय, पाच सेकंदांचं काम.

कंटाळा आहे तो हिशेबाचा. सकाळी उठल्यावर शुगर १८० का आली? रात्री आलूभात होता म्हणून? पहाटे अंगातली हार्मोन्स साखर वर ढकलतात म्हणून? की पाळी जवळ आली म्हणून? आता चहाबरोबर काही खायचं तर किती युनिट? दुपारी एक भाकर खाणार की दीड? वावरात कापूस वेचायला जायचं असेल तर युनिट कमी करायचे, पण किती? वाकून वाकून वेचलं की शुगर तेव्हा तर उतरतेच, पण रात्री झोपेतही उतरते. म्हणजे आज केलेल्या कामाचा हिशेब उद्या पहाटेपर्यंत चालू. दुसऱ्यांच्या अंगात हे सगळं स्वादुपिंड न विचारता करतं. माझ्याकडे ते खातं डोक्यात उघडलेलं असतं आणि ते बंद करायचं बटण नाही.

सासूबाईंनी विचारलं, "काऊन व, आज मशीन नाही लावली?"

"लावली," म्हटलं. त्यांनाही ठाऊक होतं नाही लावली ते.

७ जानेवारी

ग्रामपंचायतीत आज गर्दी. कर्जाच्या कागदांसाठी लोकांना नमुना ८, म्हणजे घराचा उतारा हवा, त्यात नेट अर्धा वेळ बंद. साडेअकराच्या सुमारास स्क्रीनवरचे आकडे पोहायला लागले. हात थरथर, मानेला घाम. जानेवारीत घाम म्हणजे शुगर लो, याला मशीनची गरज नाही. तरी लावली. ५८.

ड्रॉवरमधली साखरेची पुडी काढली, तीन चमचे पाण्यात ढवळले, पिऊन टाकले. मग १५ मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. ७० च्या वर गेली तर ठीक, नाही तर परत साखर. समोर एक आजोबा बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "शरबत पिऊन झाला असन तं माहा दाखला काढा बाई."

आणि मी काढला. थरथरत्या हातानं, नाव दोनदा तपासून. ते गेल्यावर आलमारीमागे जाऊन रडले. आजोबांचा काही दोष नाही, त्यांना एसटी गाठायची होती. पण या १५ मिनिटांत मी माणसांत असून माणसांत नसते, आणि ते दिसू नये म्हणून जी मेहनत लागते ती कोणत्याच वहीत लिहिली जात नाही.

दुपारी शिपाईमामांनी विचारलं, बरं नाही का? सांगितलं. त्यावर तिथं बसलेल्या एका वैनींचं लगेच, "एवढी तरणीताठी अन् शुगर? लहानपणी गोड लय खाल्लं असन." मग कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पावडर, कोणाच्या तरी भाच्याची सुई कशी सुटली, सगळं क्रमानं. पूर्वी मी समजावत असे. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती उलटते, इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, त्याचा गोड खाण्याशी संबंध नाही. आज नुसती मान हलवली. समजावणं हेही एक काम आहे आणि त्याचे पैसे मिळत नाहीत.

९ जानेवारी

हरभऱ्यात रानडुकरं येतात. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा कळपही आहे. म्हणून हे आणि माझे चुलतदीर आळीपाळीनं जागलीला जातात. काल यांची पाळी होती. पहाटे आले, टॉर्च खुंटीला लावला, घोंगडं अंगावर ओढलं आणि नऊपर्यंत झोपले. कोणी उठवलं नाही. सासूबाईंनी पोरांना अंगणात हाकललं, "तुहा बाप रातभर जागला हाये, कल्ला करू नका."

मी चुलीजवळ होते. मनात आलं, माझी जागल आठवीपासून चालू आहे. डुकरं रोज येतात. पाळी बदलायला कोणी आलं नाही. आणि कोणी आलं नाही यात कोणाचा दुष्टपणाही नाही, ही पाळी बदलता येते हेच कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

घरात लक्ष ठेवणारे पुष्कळ आहेत, हे मात्र लिहायला हवं. "भात नको घेऊ," "केळ कशाले खाते," "आज चेहरा उतरला, शुगर वाढली का?" एवढे पहारेकरी, आणि रोख मात्र माझ्यावरच. 'हे खाऊ नको' म्हणणारं सगळं घर आहे. 'मी ठरवतो, तू जेव' म्हणणारं कोणी नाही.

११ जानेवारी

आजच्याच तारखेला, १९२२ साली, कॅनडात टोरंटोच्या दवाखान्यात १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिनची पहिली सुई दिली. औषध अशुद्ध होतं, फारसा उपयोग झाला नाही. मग जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञानं ते शुद्ध केलं, आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या सुयांनी पोराची साखर उतरली. तो आणखी १३ वर्षं जगला. त्याच्या आधी टाईप वन झालेलं लेकरू उपाशी ठेवून काही महिने, फार तर दोन-तीन वर्षं टिकवत, बस. इन्शुलिन शोधणाऱ्यांतल्या बँटिंगच्या जन्मदिवशी, १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिन असतो. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन. शाळेत लाडू वाटायचे आणि मी तो दप्तरात टाकून घरी आणायची.

लिओनार्डची गोष्ट मला लहानपणापासून सांगितली गेली ती एका कारणासाठी: बघ, तुझं नशीब किती चांगलं. खरं आहे. शंभर वर्षांपूर्वी मी मेले असते. पण जीव वाचला म्हणून थकायची परवानगी जाते का? ज्या विहिरीनं वावर भिजतं तिचं पाणी ओढूनही हात दुखतातच.

मागच्या तपासणीला शहरातल्या एका डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पेशंटच्याच मनात नसेल तर आम्ही काय करणार?" तो तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना किती साखर चिकटली त्यावरून काढतात. सरासरी ही मोठी भोळी गोष्ट. ५० आणि २५० यांची सरासरी १५०, म्हणजे कागदावर बाई अगदी बरी दिसते. आणि सरासरी वाईट आली तर त्यामागे किती रात्री उठून साखर खाल्ली ते दिसत नाही.

नंतर मोबाईलवर वाचत बसले. असं थकणं इतकं ओळखीचं आहे की अमेरिकेत विल्यम पोलॉन्स्की या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर १९९५ मध्येच त्यासाठी प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. जेवणाखाण्याची सतत चिंता वाटते का, या आजारात आपण एकटे पडलो असं वाटतं का, रोजच्या सांभाळानं जीव मेटाकुटीला आला का, अशा धर्तीचे प्रश्न. हे आणि नैराश्य एकच नव्हे, असंही त्यातले जाणकार सांगतात. नैराश्य सगळ्या आयुष्यावर पसरतं, याचं मूळ मात्र त्या रोजच्या सांभाळात असतं. दोन्ही एकाच वेळी असूही शकतात. माझी झोप ठीक आहे, पोरांशी हसते, कामात मन लागतं. मशीन समोर आली की फक्त आत काहीतरी पाठ फिरवून बसतं. तरी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर मोबाईलमध्ये ठेवला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. अजून लावला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. वाड्यातल्या बायकांचं हळदीकुंकू. तिळगुळाचा प्रत्येकी एक लाडू आणि प्रत्येकीचं "तुले चालते का व?" यंदा मी दोन खाल्ले, त्याचे युनिट घेतले आणि गप्प बसले. संक्रांतीबद्दल एवढंच.

महत्त्वाचं रात्री झालं. हे जेवत होते. म्हटलं, "आठवड्यातून एक दिवस माझी जागल तुम्ही करा."

आधी कळलंच नाही. मग सांगितलं: त्या दिवशी बोट तुम्ही टोचायचं, आकडा तुम्ही बघायचा, काय शिजलं ते बघून युनिट तुम्ही ठरवायचे. मला फक्त सांगायचं, इतके घे. आकडा मला दाखवायचा नाही.

हात ताटातच थांबला. "मले नाही जमत हे. चुकलं तं?"

चुकेल, म्हटलं. माझंही चुकतं. मग दोघांनी बसून कागद केला. डॉक्टरांनी दिलेलं भाकरीला किती, भाताच्या वाटीला किती, शुगर चढलेली असेल तर वर किती, हे मोठ्या अक्षरात लिहिलं. दोन अटी घातल्या. आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर असेल तर लगेच मला सांगायचं. आणि रात्रीचं इन्शुलिन मी माझ्या हातानं घेणार, त्यात अदलाबदल नाही. सिरिंजही दाखवल्या. आपली ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, लाल टोपीवाली. मेडिकलमधून चुकून १०० ची बाटली आली आणि याच सिरिंजनं भरली तर अडीचपट औषध अंगात जातं, म्हणून बाटलीवरचा आकडा आधी वाचायचा. हे ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, गेलं सगळं.

"शनिवारी करतो," म्हणाले.

१७ जानेवारी

शनिवार. सकाळी सहाला उठवलं, बोट धरलं आणि इतक्या हळू टोचलं की रक्तच आलं नाही. दुसरी पट्टी वाया. तिसऱ्यांदा आलं. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, कागद वाचला, ओठ हलवत बेरीज केली. "सहा घे."

मी सहा घेतलं. का, किती, कशामुळे, काही नाही. पोहे खाल्ले. पोहे खाताना पोह्यांचाच विचार होता. सांबार, म्हणजे कोथिंबीर, जास्त पडला होता, शेंगदाणे खमंग भाजले होते. इतकी वर्षं मी पोह्यांत फक्त तांदूळ मोजला आहे.

दहा वाजता वावरातून फोन. "काही खाल्लं का मधात?" अकराला फोन. "चक्कर गिक्कर नाही ना?" साडेअकराला परत. शेवटी म्हटलं, जागल करणारा माळ्यावर बसतो, प्रत्येक हरभऱ्याला उठवून विचारत नाही. हसले, पण दुपारी जेवायला अर्धा तास आधीच हजर.

दुपारी झुणका, ज्वारीची भाकर आणि शेजारून आलेली खीर. खिरीच्या वाटीकडे त्यांनी जे पाहिलं ते मी ओळखलं. नको म्हणतील, असं वाटलं. त्यांनी कागद पाहिला, वाटी हातात तोलली, कागदावर खीर नव्हती. सासूबाईंना विचारलं, "माय, यात साखर किती अन् शेवया किती?" सासूबाईंना ते माहीत नव्हतं, मग शेजारी जाऊन विचारून आल्या. एवढ्या उलाढालीनंतर अर्धी वाटी मंजूर झाली. संध्याकाळी आकडा वर गेला होता, हे त्यांच्या तोंडावरूनच कळलं. मला सांगायचं नव्हतं म्हणून म्हणाले, "दोन जास्त घे," आणि अंगणात जाऊन उगीच बैलांना चारा टाकला.

रात्री खाटेवर बसून डोकं दाबत होते. "दिवसभर हेच चालते का तुह्या डोक्यात?"

"हो."

"रोज?"

"रोज."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मले आधी काऊन नाही सांगितलं?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते लांबलचक होतं आणि मला झोप आली होती. मी झोपले.

२१ जानेवारी

मशीन रविवारपासून पुन्हा हातात आहे. रोज सगळ्या वेळा होतात असं नाही. सकाळची आणि रात्रीची होते. डब्याचं झाकण उघडताना ती जुनी चीड आहेच, पण शनिवार येणार आहे हे माहीत असलं की मंगळवार उचलता येतो.

सासूबाईंनाही मशीन शिकायची आहे. त्यांचा स्वार्थ आहे: त्यांच्या मते शेजारणीला शुगर आहे आणि ती लपवते. शिकवीन. उन्हाळ्याच्या आत त्यांचा हात बसला तर बरं, कारण एप्रिल-मे मध्ये इन्शुलिन सांभाळायचं काम दुप्पट होतं. पारा ४५ च्या पुढे, लाईनचा भरवसा नाही, फ्रीज नुसतं लोखंडी कपाट. मग ओल्या वाळूत मडकं आणि मडक्यात प्लॅस्टिकच्या डब्यात बाटल्या. वाळू ओली ठेवायचं काम त्यांच्याकडे देता येईल. तेही जागलीतलंच आहे.

येत्या शनिवारी यांची रातची लाईन आहे, गव्हाला पाणी द्यायचं, म्हणून पाळी रविवारवर ढकलली. सोमवारी सुट्टी, मंगळवारी यवतमाळला तपासणी. तीन महिन्यांचा आकडा बरा येणार नाही, मला माहीत आहे. "मनात नाही का?" असं परत विचारलं तर मी बोलणार नाही. यांनाच पुढच्या खुर्चीत बसवणार आहे. खिरीचं त्यांनी सांगावं.