फाइल कुठे आहे, मिस?

"कुठे सेव्ह केलीस?"

"वर्डमध्ये."

"हो, पण वर्डमध्ये लिहून झाल्यावर ठेवलीस कुठे?"

"वर्डमध्ये, मिस," त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी जरा सावकाश. बाईंना इंग्रजी कमी कळतं बहुतेक, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेत कम्प्युटिंग शिकवायला लागले, त्यातला हा पहिला आठवडा. समोर सातवीचा वर्ग. इथली सातवी म्हणजे वयाने आपली सहावी, अकरा-बारा वर्षांची पोरं. माध्यमिक शाळा इथे सातवीपासूनच सुरू होते, त्यामुळे शाळेत तीही नवी आणि मीही. मी रात्री जागून पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचा एक गमतीदार तास तयार केला होता. साठ मिनिटांपैकी पस्तीस लॉगिन करण्यात गेली. पासवर्ड विसरलेल्यांची माझ्या टेबलापाशी रांग लागली. एक मुलगी मॉनिटरवर बोट ठेवून पडदा वर ढकलत होती आणि तो हलेना म्हणून तिने हात वर केला. कॅपिटल अक्षर हवं असेल तर जवळजवळ सगळे कॅप्स लॉक दाबणार, अक्षर टाइप करणार आणि पुन्हा कॅप्स लॉक दाबून तो बंद करणार. शिफ्टचं बटण कशासाठी असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी मनात धरून आले होते की विलायतेतली मुलं कम्प्युटर कोळून प्यायलेली असतील. फोन कोळून प्यायलेली होती, यात शंका नाही. पण फोनवर फाइल दिसतेच कुठे? फोटो फोटोंच्या ॲपमध्ये, गाणी गाण्यांच्या ॲपमध्ये, आणि सगळं आपोआप सेव्ह होतं. त्यामुळे 'वर्डमध्ये' हे उत्तर त्याच्या जगात अगदी बरोबर होतं. चुकीचा होता तो माझा प्रश्न.

गंमत म्हणजे हीच मुलं 'अल्गोरिदम' (पायरीपायरीने दिलेल्या सूचना) हा शब्द बिनधास्त वापरतात. इथल्या अभ्यासक्रमात तो वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून आहे. दात घासण्याचा अल्गोरिदम लिहून झालेला असतो, स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या मांजराला नाचवून झालेलं असतं. फोल्डर तेवढा राहून गेलेला असतो.

असं का झालं, हे मला स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने चहा पिता पिता सांगितलं. ते स्वतः लहानपणी बीबीसी मायक्रो या कम्प्युटरवर शिकले. १९८१ मध्ये आलेलं हे यंत्र इथल्या शाळाशाळांत पोचलं होतं, आणि ते चालू केलं की पडद्यावर थेट 'बेसिक' ही प्रोग्रॅमिंगची भाषा उभी राहायची. काही करायचं असेल तर आज्ञा टाइप करण्यावाचून गत्यंतर नसे. पुढे विषयाचं नाव 'आयसीटी' (माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान) झालं आणि तासाला वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट घोटणं सुरू झालं. मुलं कंटाळली, शिक्षकही कंटाळले. ऑगस्ट २०११ मध्ये गूगलचे एरिक श्मिट एडिनबरात भाषणाला आले आणि म्हणाले की तुम्ही मुलांना सॉफ्टवेअर वापरायला शिकवता, ते बनतं कसं हे दाखवतच नाही. ते या लोकांना चांगलंच झोंबलं. जानेवारी २०१२ मध्ये शाळांतल्या कम्प्युटर शिक्षणावर रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचा अहवाल आला, त्याच महिन्यात शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जुना आयसीटीचा अभ्यासक्रम मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं, आणि सप्टेंबर २०१४ पासून 'कम्प्युटिंग' हा नवा विषय सुरू झाला. प्रोग्रॅमिंग, बायनरी, लॉजिक गेट. कागदोपत्री डिजिटल कौशल्यंही त्यात आहेत. पण आमच्या शाळेत आठवड्याला एकच तास मिळतो, आणि त्या एका तासात कोणाला कात्री लागते हे सांगायला नको.

मला विचाराल तर २०१४ चा बदल व्हायलाच हवा होता. पॉवरपॉइंटमधली अक्षरं गिरक्या घेत आणण्यात कोणाची हयात घालवायची नसते. फक्त मोठ्यांनी धरून चाललं की बाकीचं मुलं घरी शिकतील. आणि ज्या काळात हे धरून चाललं, नेमक्या त्याच काळात घरातला कम्प्युटर जाऊन हातात फोन आला.

तर मी पायथॉन बाजूला ठेवला आणि दोन आठवडे फक्त 'गोष्टी कुठे असतात' हे शिकवलं. एकात एक पुठ्ठ्याचे खोके ठेवून. वरिष्ठांनी विचारलं की हे योजनेत कुठे आहे. मी म्हटलं, योजना ज्या फोल्डरमध्ये ठेवायची तो आधी सापडू दे.

माझीही एक फजिती सांगते. इथल्या शाळांना मुलांच्या इंटरनेट वापरावर गाळणी आणि नजर दोन्ही ठेवावी लागते, तशी सरकारी मार्गदर्शक सूचनाच आहे. आमच्याकडे मुलं काय टाइप करतात त्यातले संशयास्पद शब्द टिपले जातात आणि बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या शिक्षिकेकडे इशारा जातो. मला हे माहीत होतं. तरीही आठवीला सायबरसुरक्षा शिकवताना मी उत्साहाच्या भरात सांगितलं की पासवर्ड कसे फोडले जातात ते शोधून तीन पद्धती लिहा. एकाच खोलीतून, एकाच मिनिटात, सव्वीस इशारे. त्या बाई धापा टाकत दारात आल्या, माझ्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं आणि "अच्छा, तुम्ही होय," म्हणून निघून गेल्या. आता मी असा तास घ्यायच्या आधी त्यांना निरोप पाठवते.

त्याच तासाला एकाने विचारलं की मित्राचा पासवर्ड मला माहीत आहे, मी नुसतं आत जाऊन पाहिलं तर? इथे १९९० चा कम्प्युटर मिसयूज कायदा आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणं हाच गुन्हा, काही बिघडवलं नसलं तरीही, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इंग्लंडमध्ये फौजदारी जबाबदारीचं वय दहा. हे ऐकून बारा वर्षांच्या वर्गात जी शांतता पसरली ती मला एरवी ओरडूनही मिळत नाही.

वेब पानं शिकवताना निराळीच अडचण. या मुलांनी प्राथमिक शाळेत 'कलर' शब्द 'यू' घालून घोटलेला. सीएसएसला, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेला, अमेरिकी स्पेलिंग लागतं, 'यू' नसलेलं. बरं, चूक झाली म्हणून तक्रारही नाही, ती ओळ मुकाट्याने सोडून देते. मथळा काळाच राहतो आणि मुलगा दहा मिनिटं पडद्याकडे बघत बसतो. 'सेंटर'चीही तीच रड. स्पेलिंगमध्ये नेहमी पैकीच्या पैकी मिळवणारी एक मुलगी तर रडकुंडीला आली. इंग्लंडमधल्या इंग्रज मुलीचं इंग्रजी स्पेलिंग मी, मराठी बाईने, चूक ठरवायचं!

पण माझा सगळ्यात आवडता तास दहावीचा, कॅरेक्टर सेटचा, म्हणजे कम्प्युटर अक्षरं क्रमांकांनी कशी ओळखतो त्याचा. जीसीएसई या इथल्या शालान्त परीक्षेला एवढंच लागतं की आस्की या जुन्या यादीत ७ बिट (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) आणि १२८ चिन्हं, युनिकोड या जगभरच्या लिपींच्या यादीत पुष्कळ जास्त. दोन मिनिटांत सांगून पुढे जाता येतं. मी मात्र फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मराठी. आणि विचारलं, यात अक्षरं किती? वर्ग गप्प. मी बोट ठेवून म्हटलं, म, रा, ठी, तीन. मग तोच शब्द पायथॉनला मोजायला दिला. उत्तर आलं ५. काना आणि वेलांटी तो वेगळे मोजतो. "मग कोण बरोबर, मिस?" मी म्हटलं, मी. पायथॉन पाहुणा आहे.

मग बाईट मोजले, म्हणजे आठ-आठ बिटांचे गट. रोमन लिपीत 'मराठी'ची सात अक्षरं, सात बाईट. देवनागरीत, यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत, प्रत्येक चिन्हाला तीन, म्हणजे पंधरा. कारण सरळ आहे: युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो, आणि क्रमांक जितका मोठा तितकी जागा जास्त. १२७ पर्यंत एक बाईट, २०४७ पर्यंत दोन, त्यापुढे ६५५३५ पर्यंत तीन. इंग्रजीचं मोठं 'ए' ६५ वर बसलंय आणि आपला 'म' २३५० वर.

एरवी मागच्या बाकावर पेंगणारा एक पोलिश मुलगा ताठ बसला. त्याच्या आडनावात तिरकी रेघ मारलेला रोमन 'एल' आहे, तो रजिस्टरमध्ये सगळेजण साधाच लिहितात. त्याने क्रमांक काढला: ३२२, दोन बाईट. "म्हणजे हे वेगळंच अक्षर आहे," तो म्हणाला, "नुसती रेघ मारलेला 'एल' नाही." शेजारच्या मुलीने उर्दूत स्वतःचं नाव लिहिलं, तिथेही अक्षरामागे दोन बाईट. युक्रेनहून आलेल्या मुलीची अक्षरंही दोन-दोनवालीच. तीन बाईट घेणारी मी एकटी, याचा मला उगाच अभिमान वाटला. तो फार टिकला नाही. एकाने इमोजी टाकला. क्रमांक १२८५१४, चार बाईट.

परीक्षेत हा प्रश्न फार तर एक-दोन गुणांना येणार. ती परीक्षाही ऐकण्यासारखी आहे: दीड-दीड तासाचे दोन पेपर, आणि आमच्या मंडळाचे दोन्ही कागदावर. प्रोग्राम पेनाने लिहायचा. चालतो की नाही हे तपासायला यंत्र नाही, मनातल्या मनात ओळ न् ओळ चालवायची. एका मंडळाचा दुसरा पेपर कम्प्युटरवर होतो, त्या शाळांचा मला हेवा वाटतो. मात्र चॅटबॉटकडून गृहपाठ करून आणणाऱ्यांना पेनच जागेवर आणतं, हेही खरं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अभ्यासक्रमाच्या फेरविचाराचा अहवाल आला. त्यात कम्प्युटर सायन्सच्या जीसीएसई परीक्षेऐवजी अधिक व्यापक अशी कम्प्युटिंगची परीक्षा आणावी असं म्हटलंय. आमचे ते बीबीसी मायक्रोवाले सहकारी कपाटातून आयसीटीची जुनी पुस्तकं काढून त्यांवरची धूळ झटकत होते. "फेकली नाहीत तेच बरं," म्हणाले.

उन्हाळ्यात सातवीची सहल मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात नेली. 'बेबी' या यंत्राची प्रतिकृती तिथे आहे. प्रोग्राम आणि माहिती दोन्ही स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक स्मृतीत ठेवून चालणारं ते पहिलं यंत्र. २१ जून १९४८ रोजी त्यावर पहिला प्रोग्राम यशस्वीपणे चालला, १७ आज्ञांचा, आणि एका आकड्याचा, त्याच्याहून लहान असा, सर्वात मोठा विभाजक शोधायला त्याने ५२ मिनिटं घेतली. "आपल्या लायब्ररीतल्या कम्प्युटरएवढीच," मागून कोणीतरी. मी त्यांना सांगितलं की स्मृती सगळी मिळून १०२४ बिट, म्हणजे १२८ बाईट. त्यात बत्तीस इमोजी भरले की खेळ खलास.

माझा 'वर्डमध्ये'वाला मुलगा पुढे जाऊन त्या उंच लोखंडी सांगाड्यांकडे, तारांच्या जंजाळाकडे बराच वेळ बघत होता. मग त्याने तिथल्या स्वयंसेवक आजोबांना विचारलं, "आणि सेव्ह कुठे करायचं?"

आजोबा म्हणाले, "कुठेच नाही. बंद केलं की सगळं गेलं. उद्या बटणं दाबून पहिल्यापासून भरायचं."

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. चेहरा उजळलेला.

"बघा, मिस."