घरच्या फायली आणि पंचगंगेचे पाणी

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरले होते. त्यामुळे बॅकअपची हार्ड डिस्क संगणकाशेजारच्याच कपाटात ठेवणे कोल्हापुरात तरी मला पुरेसे वाटत नाही. मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा नियम आम्ही पाळतो. सातबारा, खरेदीखत, गुणपत्रिका यांचे स्कॅन क्लाउडवर जातात; मात्र गूगलची १५ जीबी मोफत जागा जीमेल आणि फोटोंमध्येही वाटली जात असल्याने लग्नाकार्याचे व्हिडिओ दुसऱ्या हार्ड डिस्कवर भरून गडहिंग्लजला ताईकडे ठेवले आहेत.

सिंक (संगणकावरचा बदल क्लाउडवर आपोआप उतरणे) म्हणजे बॅकअप नव्हे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही: संगणकावर पुसलेली फाइल गूगल ड्राइव्हवरूनही कचरापेटीत जाते आणि तीस दिवसांनी कायमची नाहीशी होते. डिस्क सतत जोडलेली असेल, तर रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम, तीही कुलूपबंद करू शकतो. म्हणून काम झाले की ती काढून ठेवावी.

फायलींच्या नावांत वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवला, की त्या आपोआप कालानुक्रमे लागतात. ‘नवीन फोल्डर २’ हे नाव मात्र घरात कोणालाच सुटत नाही.