तुम्ही विचारलंत म्हणून: १९८२ सालचंच का?

नवं गाणं ऐकवलं की हमखास विचारणा होते, "लॅपटॉपमध्ये हवे ते आवाज असताना तुमचं सिंथ-पॉप १९८२ साली केल्यासारखं का वाजतं?" विचारणाऱ्याला वाटतं, मी जुन्या आठवणींत रमलोय. आठवणी कसल्या? तेव्हा मी जन्मालाही आलो नव्हतो.

मला अडचण हवी असते, म्हणून. रोलँड कंपनीचा ज्युनो-६० हा सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारा कीबोर्ड) त्या वर्षी आला. त्यात एका वेळी सहाच स्वर वाजतात. सातवी पट्टी दाबली की कुणाला तरी गप्प बसावंच लागतं. शिवाय पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. पियानोसारखं बोटांतून काही सांगायची सोय नाही. जे सांगायचं ते चालीतून आणि आवाजाची धार कमी-जास्त करणारा फिल्टर कधी, किती उघडायचा यातून.

या गाण्यासाठी मी लॅपटॉपवरच तसे नियम घालून घेतले. कॉर्डना, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांना, सहा स्वर, बेसला एका वेळी एक. ड्रममध्ये क्रॅश (झांजेचा मोठा झणकार) नाही, कारण १९८० च्या लिन एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये क्रॅश नव्हताच. ह्यूमन लीग या बँडचा १९८१ चा 'डेअर' हा अल्बम त्याच मशीनवर उभा आहे आणि तिथे कुणाला काही कमी वाटत नाही. मला वाटलं! अंतरा संपून मुखडा आला की हात आपोआप क्रॅशकडे जायचा. आठवडाभर तिथेच अडलो. शेवटी मुखड्याआधीचे दोन ठोके सगळं बंद केलं, फक्त गायिकेचा श्वास राहू दिला. आता ऐकणारे नेमके त्याच जागेबद्दल बोलतात.

गायिकेने आधी विचारलं होतं, "यंत्रासारखं थंड गायचं ना?" मी तिला यॅझू या जोडीची १९८२ ची गाणी ऐकवली. विन्स क्लार्कची काटेकोर यंत्रं आणि त्यांवर अ‍ॅलिसन मोयेचा भरदार, ब्लूजमध्ये मुरलेला गळा. पुढे मला काही सांगावं लागलं नाही.

एका मित्राने वरून कॅसेटची खरखर टाकायला सुचवलं. साफ नाही म्हटलं. १९८२ च्या त्या संगीतकारांना जुनं वाटायचं नव्हतं. ते उद्याचं संगीत करत होते आणि खरखर घालवायला धडपडत होते. ज्युनोच्या कोरसमधली (आवाज दाट करणारा इफेक्ट) बारीकशी सूं मात्र मी ठेवली, ती त्या वाद्याचीच आहे. (आणि कृपा करून यात यामाहा डीएक्स-७ या सिंथेसायझरचे घंटेसारखे आवाज सुचवू नका, तो १९८३ चा. हा हट्टीपणा आहे, मान्य.)

पुढच्या गाण्यात एका कॉर्डला सातवा स्वर हवाच झालाय. दोन दिवस झाले, सहातला कोणता सोडायचा ते ठरत नाहीये.