३०० सीसी भरले, उरले किती?

मांडीची नाहीतर पोटाची चरबी काढायची आणि तीच स्तनांत भरायची, याला फॅट ग्राफ्टिंग म्हणतात. जाहिरातीत हे एका दगडात दोन पक्षी मारल्यासारखं दिसतं. पहिला पक्षी बहुधा हाती लागतो, दुसऱ्याचा हिशेब मात्र आधी मांडून घ्यावा. एका बाजूला ३०० सीसी चरबी भरली तर सहा महिन्यांनी साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश उरते, म्हणजे १५० ते २०० सीसी. ब्राच्या मापात अर्धा ते एक कप. एकाच बैठकीत दोन कपांची वाढ हवी असेल, तर ते काम चरबीचं नाही, सिलिकॉनचं आहे.

बाकीची जाते कुठे? काढलेल्या चरबीचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या जागी केशवाहिन्या, म्हणजे केसाइतक्या बारीक रक्तवाहिन्या, तयार व्हायला काही दिवस लागतात, आणि तोवर पेशी आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर तगतात. हे झिरपणं कडेपासून जेमतेम दीड मिलिमीटर आत पोचतं. ३ मिलिमीटर जाडीचा कण पूर्ण भिजतो. १ सेंटिमीटरच्या गोळ्याचा मधला ७ मिलिमीटरचा गाभा, म्हणजे आकारमानाने सुमारे एक-तृतीयांश भाग, उपाशी मरतो. म्हणून चरबी शेवयांसारखी सोडायची असते, लाडू वळायचे नसतात.

ऑपरेशन थिएटरमध्ये याचा अर्थ असा: दीड-दोन मिलिमीटरची बोथट कॅन्युला, म्हणजे पोकळ नळी, आत घालायची, आणि ती मागे ओढतानाच सिरिंज दाबायची, एका ओढीला १ सीसीहून कमी. कधी त्वचेखाली, कधी ग्रंथीच्या मागे, कधी छातीच्या स्नायूत, दर वेळी वेगळ्या वाटेने. दुधाच्या ग्रंथीत मुद्दाम भरायची नाही. ३०० सीसीसाठी शेकडो ओढी होतात. त्यामुळे ‘तासाभरात घरी’ असं कोणी सांगत असेल तर मला तिथेच शंका येते.

चरबी काढण्याआधी त्या भागात सलाईन सोडतात. १ लिटरमध्ये १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन असतं, ते रक्तवाहिन्या आकसून रक्तस्राव कमी करतं, आणि दुखू नये म्हणून लिग्नोकेन. लिग्नोकेनचा हिशेब चुकवून चालत नाही. दर किलो वजनाला ३५ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली, तर ५० किलोच्या बाईला १,७५० मिलिग्रॅम. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम घातलं असेल तर तीन लिटरवर थांबायचं. रक्तातलं त्याचं प्रमाण शिखराला पोचतं ते दहा-बारा तासांनी, म्हणजे पेशंट घरी झोपलेली असताना. ओठ बधिर होणं, कानात गुणगुणणं, बोलणं जड होणं ही त्याची पहिली लक्षणं, आणि सोबत राहणाऱ्या माणसाला ती सांगून ठेवायलाच हवीत.

शोषून काढलेलं सगळं भरता येत नाही. ते स्थिर ठेवलं किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की वर फुटलेल्या पेशींचं तेल, मध्ये चरबी, खाली रक्तमिश्रित पाणी असे थर होतात, आणि घ्यायचा फक्त मधला. दोन्ही बाजूंसाठी ६०० सीसी शुद्ध चरबी हवी तर लिटरभर, कधी त्याहून जास्त काढावं लागतं. सडपातळ मुलींचं गाडं इथेच अडतं.

चरबी भरपूर असली तरी जागा लागते, आणि ती कितीची हे स्तन ठरवतो. बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्तनात जास्त मावते, घट्ट त्वचेत कमी. ठासून भरली की आतला दाब वाढतो, केशवाहिन्या दबतात आणि घातलेलीच चरबी मरते. दुसरी बैठक किमान तीन महिन्यांनी, शक्यतो सहा. ओघळलेला स्तन चरबीने वर उचलला जात नाही, त्याचं ऑपरेशन वेगळं. ‘स्टेम सेल मिसळून’ जादा पैसे मागितले तर सरळ नाही म्हणावं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडचा असा वापर फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच मान्य आहे.

पहिले दोन-तीन आठवडे सूज असते. तेव्हाचा आकार पाहून खूश होऊ नये आणि नंतर हबकूही नये. पट्टा किंवा घट्ट कपडा मांडीला आणि पोटाला, चार-सहा आठवडे. छातीवर दाब नाही, तारेची ब्रा नाही, पालथं झोपणं नाही. कणीक मळणं आणि स्कूटर दोन-तीन आठवडे दुसऱ्यांवर सोपवावी. सिगारेट आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे बंद, कारण निकोटिन त्या केशवाहिन्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतं. पुढे वजन पाच-सात किलोंनी उतरलं तर स्तनही उतरतात, शेवटी ती पोटाचीच चरबी.

मेलेल्या चरबीचं काय होतं, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. थोडी शोषली जाते. जास्त असेल तर तेलाने भरलेली गाठ होते, किंवा ती कडक होऊन तिच्यात कॅल्शियम साचतं. हे कण मॅमोग्राफीत कॅन्सरच्या कणांशी घोळ करतील या भीतीने अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७ मध्ये ही पद्धत धिक्कारली होती. २००९ मध्ये तिच्याच समितीने ती भूमिका सोडली. अनुभवी रेडिओलॉजिस्टला फरक बहुतेक वेळा कळतो, पण तुलनेला जुनी फिल्म हवी. म्हणून ऑपरेशनआधी चाळिशीपुढे मॅमोग्राफी, वय त्याहून कमी असेल तर सोनोग्राफी, आणि वर्षभराने पुन्हा. दर तपासणीच्या फॉर्मवर ‘फॅट ग्राफ्टिंग झालं आहे’ हे तारखेसह लिहावं. नवी गाठ लागली तर ‘चरबीच असेल’ असं घरी ठरवू नये. घरात आई-बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर हा विषय काढण्याआधी सर्जनला ते सांगावं.

लगेच धाप लागली, छातीत कळ आली तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. कॅन्युला फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत गेलेली असू शकते. आणि एक उशिरा येणारा पाहुणा: तीन-चार आठवड्यांनी, कधी आणखी उशिरा, लालसर गाठ येते, पू येतो, नेहमीची अँटिबायोटिक्स लागू पडत नाहीत. हे अटिपिकल मायकोबॅक्टेरिया, म्हणजे क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद, असू शकतात. आपल्याकडे दुर्बिणीच्या ऑपरेशनांनंतर टाके घातलेल्या जखमांतही ते सापडतात, कारण अवजारं नुसती औषधी द्रावणात बुडवून काढली तर ते मरतातच असं नाही. पू तपासायला देताना मायकोबॅक्टेरियाचं कल्चरही (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) मागून घ्यावं, नाहीतर साध्या कल्चरच्या रिपोर्टवर ‘जंतू नाहीत’ असं छापून येतं आणि उपचाराचे महिने वाया जातात. भूल देण्याआधी विचारून घ्यायला हरकत नाही: कॅन्युला ब्रशने आतून घासून ऑटोक्लेव्ह करता, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करता, की नुसत्या बुडवता?