दोन कंपन्या एक झाल्या, आता रेंज डबल होणार का?

व्होडाफोन आणि आयडिया एक होणार ही बातमी मार्च २०१७ मध्ये आली, आणि तेव्हापासून माझ्या काउंटरवर एकच प्रश्न फिरत राहिला. "आता रेंज डबल होणार का हो?" एरवी पुणेकर प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर त्याला माहीत असतं, तुम्हाला माहीत आहे का एवढंच तो तपासत असतो. इथे मात्र लोकांना खरंच कळत नव्हतं. नीट उत्तर द्यायला अख्खा चहा लागतो आणि रिचार्जला आलेलं गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. म्हणून इथे लिहितोय.

माझं दुकान शनिवार पेठेत. गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक, वाड्यांमधले आणि वाडे पाडून झालेल्या बिल्डिंगांमधले ज्येष्ठ. दुसरं, लातूर, परभणी, बुलढाण्याहून एमपीएससीसाठी आलेली पोरं. पहिल्यांना बोलायला रेंज हवी, दुसऱ्यांना दीड जीबी रात्री बारापर्यंत पुरवायचा असतो.

पुण्यात मोबाईल आला तेव्हापासून ९८२२ आणि ९८२३ ही दोन घराणी आहेत. ९८२२ म्हणजे बिर्ला एटी अँड टी, पुढे आयडिया. ९८२३ म्हणजे बीपीएल, मग हच, २००७ मध्ये व्होडाफोन. इनकमिंगलासुद्धा पैसे पडायचे त्या काळात ज्यांनी हे नंबर घेतले, ते आजही नंबर सांगताना सुरुवातीचे आकडे जरा जोर देऊन सांगतात. शेजारी-शेजारी आकड्यांच्या या दोन कंपन्या ३१ ऑगस्ट २०१८ ला कागदोपत्री एक झाल्या आणि ७ सप्टेंबर २०२० ला दोघींचं नाव पुसून 'वी' आलं. ९८२२ वाल्या एका काकांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, "म्हणजे आता आम्ही ९८२३ मध्ये गेलो की ते आमच्यात आले?" कंपनीच्या माणसालाही याचं उत्तर देता आलं नसतं.

तर रेंज. लोकांच्या डोक्यातला हिशोब असा: याचे टॉवर अधिक त्याचे टॉवर, म्हणजे दुप्पट टॉवर. पण २००७ मध्येच भारती, व्होडाफोन आणि आयडिया या तिघांनी मिळून इंडस टॉवर्स काढली होती. मनोरा इंडसचा, त्यावर तिन्ही कंपन्या आपापले अँटेना टांगून भाडं भरणार. महाराष्ट्रातही हेच. मग जिथे दोघींचे अँटेना आधीच एका खांबावर होते, तिथे एक झाल्यावर नवी जागा कुठून येणार? उलट एक भाडं वाचलं. आमच्या मागच्या गल्लीत एका इमारतीच्या गच्चीवर मनोरा आहे, दुकानाच्या पायरीवरून मान वर केली की दिसतो. २०१९ मध्ये तिथे दोन माणसं दोर बांधून चढली आणि पांढऱ्या लांबट पेट्या खाली उतरवायला लागली. खाली जमलेल्यांपैकी एकाने लगेच जाहीर केलं की रेडिएशनची तक्रार गेल्यामुळे टॉवर काढतायत. कोणाच्या पेट्या आणि का, हे त्या दोघांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पण त्या वर्षी अशी उतराउतर शहरभर चालू होती.

फायदा होतो तो दुसरीकडे, लहरींमध्ये. या लहरी, म्हणजे स्पेक्ट्रम, सरकार सर्कलवार विकतं, सर्कल म्हणजे मोबाईल सेवेसाठी देशाचे पाडलेले विभाग. पुणे महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये, मुंबई आणि नवी मुंबई वेगळ्या सर्कलमध्ये. त्यामुळे "मुंबईत माझं नेट कसलं पळतं" या वाक्याचा शनिवार पेठेत काही उपयोग नाही, तिकडचा माल वेगळा आहे. आमच्या सर्कलमध्ये दोघींकडे ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी होत्या. १९९५ च्या परवान्यांची वीस वर्षं संपत आली म्हणून मार्च २०१५ च्या लिलावात त्यांनी त्या पुन्हा विकत घेतल्या होत्या. ९०० ची लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. २३०० किंवा २५०० ची लहर डेटा भरपूर वाहते, पण दगड-विटांच्या दोन फुटी भिंतीसमोर दम तोडते. वाड्यातल्या माजघरात बसून फोन लागतो तो बहुतेक वेळा ९०० सारख्या खालच्या बँडच्या जिवावर, जाहिरातीतल्या स्पीडच्या जिवावर नाही.

या ९०० वर आणखी एक ओझं होतं. बटणांचे साधे फोन टूजीवर चालतात, आणि आपल्याकडे असे फोन कोट्यवधी. दोन कंपन्या वेगळ्या असताना दोघींना आपापलं टूजी चालू ठेवावं लागायचं, म्हणजे मौल्यवान लहरींचा एकेक तुकडा तिथेच अडकलेला. एक झाल्यावर एकच टूजी पुरतं आणि दुसरा तुकडा फोरजीला मोकळा होतो. या सगळ्या प्रकरणात ग्राहकाच्या पदरात खरोखर पडण्यासारखं काही असेल तर ते हे. आणि गंमत म्हणजे एकाही जाहिरातीत हे कोणी सांगितलं नाही.

त्यातही मेख आहे. दोघींचे तुकडे एकमेकांना चिकटून असतील तर पाच अधिक पाच मेगाहर्ट्झ मिळून दहाचा सलग पट्टा होतो आणि स्पीड जवळपास दुप्पट होऊ शकतो. मध्ये तिसऱ्या कंपनीचा तुकडा असेल तर दोन पट्टे फोनने स्वतः जोडावे लागतात. महागड्या फोनला ते जमतं. माझ्याकडे सगळ्यात जास्त खपणाऱ्या स्वस्त फोनपैकी बऱ्याच जणांना त्या काळी जमत नव्हतं. तेव्हा एकाच कॉटबेसिसच्या खोलीत, एकाच कंपनीच्या सिमवर, एकाचं युट्यूब पळायचं आणि दुसऱ्याचं गोल फिरत बसायचं. दुसरा माझ्याकडे येऊन सिम बदलून मागायचा. सिमचा काय दोष?

सरकारनेही हे फुकट होऊ दिलं नाही. जुन्या काळी लिलावाविना मिळालेल्या ४.४ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींचा बाजारभावाने फरक भरा, ही अट होती. व्होडाफोन-आयडियाला रोख आणि बँक गॅरंटी मिळून सात हजार कोटींच्या वर मोजावे लागले, तेव्हा कुठे दूरसंचार खात्याची मंजुरी मिळाली. एका कंपनीकडे सर्कलमधल्या एकूण लहरींपैकी किती असाव्यात याचीही मर्यादा असते. ती पूर्वी २५ टक्के होती, २०१८ मध्ये ३५ केली. बाजारात कंपन्या कमी उरल्या तर मोठे वाटे पडणारच, म्हणून मर्यादाच वाढवली. यावर मला काय वाटतं ते पुढे येईलच.

आता बिल. प्रीपेडवाल्याला फारसा त्रास होत नाही. बॅलन्स, व्हॅलिडिटी जशीच्या तशी पुढे जाते. गोंधळ होतो पोस्टपेडवाल्याचा. त्या दोन-तीन वर्षांत विलीनीकरणं एकाहून जास्त झाली, त्यातल्या कुठल्या कंपनीचं हे ते सांगत नाही. पण एक निवृत्त मास्तर बिलाचा प्रिंट घेऊन दुकानात आले. नेहमीच्या बिलापेक्षा आकडा जवळपास दीडपट. सर दरमहा बिलावर टिकमार्क करून फाईलला लावणारे, त्यामुळे रागापेक्षा अपमान जास्त झाला होता.

काउंटरवर बिल पसरून बसलो. झालं असं होतं की नव्या कंपनीच्या सिस्टिममध्ये जाताना बिलाची तारीख बदलली होती. जुनं बिल महिन्याच्या अमुक तारखेपर्यंतचं, नवं चक्र पंधरवड्याने सुरू. मधल्या दिवसांचं भाडं 'प्रो-राटा' म्हणून एका ओळीत, पुढच्या महिन्याचं आगाऊ भाडं दुसऱ्या ओळीत, त्यावर १८ टक्के जीएसटी. इथपर्यंत हिशोब बरोबर होता, फक्त कोणी समजावला नव्हता. खरी चूक तळाशी होती: लेट फी. बँकेला दिलेली ऑटो-डेबिटची परवानगी जुन्या कंपनीच्या नावाने होती. नव्या नावाने पैसे मागितले गेले, बँकेने दिले नाहीत, आणि दंड सरांना. सर म्हणाले, "नाव त्यांनी बदललं, दंड मी का भरू?" याला उत्तर नाहीच.

१९८ ला फोन लावून तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक मागून घ्यायचा, तो फार महत्त्वाचा. कस्टमर केअरने दाद दिली नाही तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील अथॉरिटीकडे जाता येतं आणि त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. हा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम २०१२ पासून आहे, पण माझ्या गिऱ्हाइकांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना तो माहीत असेल. सरांनी अपिलाचा मसुदा फुलस्केप कागदावर लिहून आणला, समासासकट. तो पाठवायची वेळ आली नाही, लेट फी पुढच्या बिलात वजा झाली. मसुदा फाईलला आहे.

दुकानदाराच्या बाजूनेही थोडं सांगतो. पूर्वी माझ्याकडे दर कंपनीचं वेगळं लापू सिम असायचं. लापू म्हणजे ज्यात आम्ही आगाऊ पैसे भरून ठेवतो आणि ज्यातून तुमचा रिचार्ज मारतो. एकेकाळी ड्रॉवरमध्ये रबरबँड लावलेले इतके साधे फोन होते की कुठला कोणाचा हे कळायला पाठीवर चिकटपट्टी लावावी लागे: एअरटेल, व्होडाफोन, आयडिया, डोकोमो, युनिनॉर, रिलायन्स, एअरसेल. मग २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने १२२ परवाने रद्द केले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. आधी काही महिने सगळं फुकट. त्यानंतर ड्रॉवर भराभर रिकामा झाला. रिलायन्स कम्युनिकेशन्सचं बोलणं २०१७ अखेर बंद. एअरसेलने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिवाळखोरी मागितली. टेलिनॉर, म्हणजे आधीची युनिनॉर, २०१८ मध्ये एअरटेलमध्ये गेली, टाटांचा मोबाईल धंदा २०१९ मध्ये तिथेच. आता खाजगी तीन आणि बीएसएनएल.

आणि इथेच माझं खरं म्हणणं आहे. रेंज वाढली का, बिल बरोबर आलं का, हे छोटे प्रश्न आहेत, निस्तरता येतात. जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर पोर्ट करायची, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, सोय आली तेव्हा ग्राहकाच्या हातात पहिल्यांदा काठी आली होती. "पोर्ट करीन" एवढं कस्टमर केअरला म्हटलं की स्वस्त प्लॅनचा फोन यायचा. ती काठी चालते, जायला दुसरं दार असेल तर. २०१८ च्या शेवटी ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आला. तोपर्यंत नुसत्या इनकमिंगसाठी फोन ठेवणाऱ्यांना वर्षानुवर्षं काही खर्च नव्हता. पोर्ट करून जाणार कुठे? तिकडेही तेच. मग डिसेंबर २०१९ ला दरवाढ, नोव्हेंबर २०२१ ला दरवाढ, जुलै २०२४ ला दरवाढ, आणि दर वेळी खाजगी तिघांचीही, काही दिवसांच्या अंतराने. महिना २८ दिवसांचा असतो हे तर आपण मान्यच करून टाकलं होतं. ट्रायने २०२२ मध्ये निदान एक ३० दिवसांचा आणि एक त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवा म्हणून बजावलं, तेव्हा ते मिळायला लागले. मागितले तर मिळतात.

विलीनीकरणाने कंपनी वाचते, ग्राहकाचा नंबर वाचतो, असं सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. व्होडाफोन-आयडिया एक झाल्या तेव्हा चाळीस कोटी ग्राहक होते आणि देशातली पहिल्या नंबरची कंपनी म्हणून मिरवणूक निघाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये थकीत एजीआरचा, म्हणजे कंपनीच्या उत्पन्नातून सरकारला द्यायच्या वाट्याचा, निकाल लागला, कर्जाचा डोंगर झाला, ग्राहक निम्म्यावर आले, आणि २०२५ मध्ये सरकारच्या देण्याचे शेअर होऊन सरकारच जवळपास ४९ टक्क्यांचं मालक बनलं. तरी ही तिसरी कंपनी टिकावी असं मला मनापासून वाटतं. कमिशन शंभरामागे दोन-तीन रुपये, त्यासाठी नाही. उद्या दोनच उरल्या तर काउंटरवर मी सल्ला कसला देणार, पावतीच देणार.

तोवर सल्ला असा. पोर्ट करायचं तर 'पोर्ट' आणि नंबर लिहून १९०० ला मेसेज टाका, आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. सर्कल तेच असेल तर कामाचे तीन दिवस, म्हणजे परभणीच्या नंबरवाल्याला पुण्यात वेगळं काही करावं लागत नाही. मुंबईचा नंबर असेल तर पाच. पोस्टपेडची थकबाकी आधी भरा, आणि बँकेतली जुनी ऑटो-डेबिट बंद करायला विसरू नका. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले हवेत. फोन फक्त बोलायला वापरत असाल तर डेटा नसलेला प्लॅन मागा, ट्रायच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ पासून सगळ्यांनी ते काढलेत, फक्त ॲपमध्ये तळाशी असतात. आणि कुठल्या कंपनीची रेंज चांगली हे मला विचारू नका. दुकानात चांगली येते ती तुमच्या माजघरात येईलच असं नाही. शेजारच्या खोलीतल्या एमपीएससीच्या पोराला चहाला बोलवा आणि त्याचा फोन आतल्या खोलीत ठेवायला सांगा. चहा दोनदा द्यावा लागेल, कारण त्या पोरांकडे हल्ली दोन कंपन्यांची दोन सिम असतात.