थंडीतला घाम

फुटबॉलच्या सामन्याला डॉक्टर म्हणून बसलं की नजर मैदानावर ठेवायची असते. कुणाचा घोटा मुरगळतो, दोन डोकी एकमेकांवर आपटतात, गोलकीपरचं बोट चेंडूखाली वळतं. टेबलावरचं सामानही त्याच हिशेबाने मांडलेलं असतं: बर्फ, क्रेप बँडेज, स्प्लिंट, सलाइन. नेरूळला पंधरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती, जानेवारीतली. माझा दवाखाना तिथून जवळ, निम्म्या मुली लहानपणापासून माझ्याकडे खोकल्याला आणि लसीला आलेल्या. आयोजकांनी विचारलं की मी नाही म्हणत नाही. त्या रात्रीची केस मात्र मैदानातून आली नाही. ती माझ्या पाठीमागच्या पायऱ्यांवरून आली.

आधी थंडीचं सांगते, कारण सगळा घोळ तिने घातला. नवी मुंबईत थंडी पडते यावर आपला विश्वासच नसतो. मुंबईच्या नोंदीतलं सगळ्यात कमी किमान तापमान सांताक्रूझचं, २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश. पण तसं काही आपल्याला आठवत नाही, म्हणून आपण तयारी करत नाही. त्या रात्री फोनवर १६ अंश दिसत होते. खाडीकडून वारं येत होतं, आकाश निरभ्र होतं आणि सिमेंटच्या पायऱ्या संध्याकाळपासून गार होत चालल्या होत्या. दव इतकं होतं की माझ्या टेबलावरचे कागद मऊ पडले होते. पळणाऱ्या मुलीला या १६ अंशांचं काही वाटत नाही. तिचे स्नायूच उष्णता तयार करतात. पण घामाने भिजून बाकावर येऊन बसलेल्या बदली खेळाडूला ते दहा मिनिटांत कळतं, आणि पायरीवर तीन तास बसलेल्या माणसाला तर नक्कीच कळतं. सिमेंट बुडाखालून उष्णता ओढून घेतं, वारा वरून नेतो. अंगात सुती शर्ट आणि वर एक पातळ स्वेटर, याने किती अडणार?

एका मुलीचे मामा अमेरिकेत विस्कॉन्सिनला बरीच वर्षं राहून आले आहेत. तिकडचं फुटबॉल वेगळं, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं, आणि त्यांचा मोसम चालतो ऐन हिवाळ्यापर्यंत, बऱ्याचदा उघड्या स्टेडियममध्ये. ग्रीन बे इथला ३१ डिसेंबर १९६७ चा सामना तिकडे ‘आइस बोल’ म्हणूनच ओळखला जातो. तापमान उणे २५ अंश सेल्सिअसच्या आसपास होतं, पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटायला लागल्या, तरी प्रेक्षक उठले नाहीत. मामा येताना पुठ्ठ्याचे दोन खोके उसवून आणतात. एक तुकडा बसायला, एक पायाखाली. तिकडचे प्रेक्षक असंच करतात म्हणे: पायाखाली पुठ्ठा, बुटांत बोटं हलतील एवढी जागा, अंगात एकावर एक कपडे आणि अगदी आतला कपडा कोरडा. लोक मामांकडे बघून हसत होते. मला ते त्या सगळ्या पायऱ्यांवरचे सर्वांत शहाणे गृहस्थ वाटले आणि मी त्यांच्याकडून माझ्या बाकावरच्या मुलींसाठी चार तुकडे मागून घेतले.

दुसरा उपांत्य सामना आठला सुरू व्हायचा होता. पहिला पेनल्टीपर्यंत लांबला, मग एका बाजूचे दिवे गेले. मुली मैदानात उतरल्या तेव्हा नऊ वाजून गेले होते.

मध्यंतर होता होता एक बाई माझ्याकडे आल्या. डाव्या बॅकला खेळणाऱ्या मुलीची आई. म्हणाल्या, “मॅडम, आमच्या बाबांना जास्तच थंडी वाजलीय. तुमच्याकडे एखादी चादर आहे का?” त्यांचे सासरे. मी चादर घेतली आणि त्यांच्याबरोबर वर गेले. चादर नुसती हातात देता आली असती, पण म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजतेय म्हटल्यावर मला बघायचं होतं.

पंच्याहत्तरीच्या पुढचे आजोबा. कानटोपी, मफलर, शाल, वर कुणीतरी दिलेलं ट्रॅकसूटचं जॅकेट. आजूबाजूच्या लोकांनी प्रेमाने जे जे होतं ते अंगावर घातलं होतं. हातात कागदी कप, तो कलंडून चहा शालीवर सांडलेला. शेजारचे एक काका म्हणाले, “मघाशी फार कुडकुडत होते. आता शांत झालेत, ऊब आली.” दुसरे कुणीतरी म्हणालं, घोटभर ब्रँडी मिळाली तर बरं.

शांत झालेत हे ऐकून मला बरं वाटलं नाही. गारठलेल्या माणसाचं कुडकुडणं थांबणं ही नेहमीच चांगली खूण नसते. मी म्हटलं, “आजोबा, मी डॉक्टर. नाव सांगता का तुमचं?” त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण नजर माझ्यावर टिकेना. काहीतरी पुटपुटले, त्यात ‘लोकल’ आणि ‘किल्ली’ एवढंच कळलं. सून म्हणाल्या, “बाबा असं कधीच बोलत नाहीत.” त्यांचा आवाज तिथेच फाटला.

अर्धांगवायूचा झटका असेल का, असं माझ्या डोक्यात आलं. हसून दाखवा म्हटलं तर हसले नाहीत, पण चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा होता. दोन्ही हात धरून वर उचलले, दोन्ही सारखेच खाली आले. नाडी बघायला मनगट धरलं, ते गार होतं. मग मानेपाशी नाडी बघण्यासाठी मफलर सैल केला आणि माझी बोटं ओली झाली.

चहा मानेवर सांडलेला नव्हता. मी शर्टाच्या आत पाठीवर हात घातला. बनियन पिळून काढावं इतकं ओलं. माणूस थंडीने गारठला असेल तर त्याला असा घाम येत नाही. शरीर उष्णता धरून ठेवायला बघत असताना घाम कशाला सोडेल? “यांना शुगर आहे का?” मी विचारलं. “हो, म्हणून तर बिनसाखरेचा चहा दिला.” “गोळी कधी घेतली?” “साडेसातला, नेहमीप्रमाणे. जेवण घरी जाऊन करायचं होतं, सामना साडेनऊपर्यंत संपेल असं वाटलं होतं.”

ग्लुकोमीटर खाली टेबलावर होता. माझ्याबरोबरची फिजिओथेरपिस्ट मुलगी सामान घेऊन धावत वर आली. गार पडलेल्या बोटात रक्त नीट फिरत नाही आणि आकडा खरा असेल त्याहून कमी येऊ शकतो, म्हणून आधी त्यांचा तळवा माझ्या दोन्ही हातांत धरून चोळला, मग टोचलं. ४१. दुसऱ्या हाताचं बोट घेतलं. ४३. सत्तरच्या खाली आलं की शुगर कमी म्हणायची, ५४ च्या खाली गेली की मेंदूला झळ लागते. काखेतलं तापमान ३५.८ होतं. गारठले होते हे खरं, पण त्यांची शुद्ध हरपत होती ती साखरेमुळे.

माणूस नीट गिळू शकत असेल तर काम सोपं असतं. तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. आजोबांच्या ओठांना मी चमचा लावला तर पाणी कोपऱ्यातून बाहेर आलं. अशा वेळी तोंडात काही ओतणं म्हणजे ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका, मग ते ग्लुकोज असो नाहीतर लोकांच्या प्रेमाचं पेढ्याचं बोट. शिरेतून द्यायला हवं होतं, आणि शीर सापडेना. थंडीने हातावरच्या शिरा आक्रसून गेल्या होत्या. फिजिओने टेबलावरची गरम पाण्याची पिशवी त्यांच्या कोपराखाली धरली, कुणीतरी मोबाइलचा टॉर्च मारला, आणि कोपराच्या खोबणीत बोटाला एक शीर लागली. सुई बसली. २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली, म्हणजे २५ ग्रॅम साखर. ती सावकाश आत जाताना मी सुईच्या टोकावरून नजर हलवली नाही, कारण हे द्रावण शिरेबाहेर गेलं तर त्वचा जाळतं.

बाटली निम्मी झाली तेव्हा त्यांनी हात ओढायला सुरुवात केली. मग एकदम स्वच्छ आवाजात म्हणाले, “काय चाललंय हे? सुई कुणी लावली मला?” चांगलेच रागावले होते. सून रडायला लागल्या. मला तो राग इतका गोड वाटला की मी काही न बोलता त्यांचा हात धरून बसले.

पंधरा मिनिटांनी आकडा ११८ आला. तोवर त्यांचा मुलगा बेलापूरहून गाडी काढून आला होता. त्याचं म्हणणं, आता बरे आहेत तर घरी नेतो, जेवायला घालतो. मी नाही म्हटलं आणि त्यावर अडून राहिले. सुनेच्या फोनमध्ये औषधांच्या चिठ्ठीचा फोटो होता. त्यात दोन नावं महत्त्वाची होती. एक ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, आणि पोटात अन्न आलं की नाही हे ती बघत नाही. तिचा असर तासन्‌तास राहतो, वयामुळे मूत्रपिंड मंदावलं असेल तर आणखी लांबतो. शिरेतून दिलेली साखर तासाभरात वापरून संपते, गोळी मागे उरते. दुसरं नाव मेटोप्रोलॉल, रक्तदाबासाठीचं. साखर उतरताना छातीत धडधड होते, हात थरथरतात, आणि माणूस स्वतःच सावध होतो. मेटोप्रोलॉलसारखी औषधं या खुणा दाबून टाकतात. घाम मात्र त्यांना दाबता येत नाही. आणि तो नेमका शालीच्या, जॅकेटच्या आत लपला होता.

रुग्णवाहिकेत बसताना आजोबांनी मैदानाकडे बघितलं. नात खेळत होती, तिला काही कळू द्यायचं नाही असं तिच्या आईने ठरवलं होतं. सामना संपल्यावर तिला मीच जवळ बसवून सांगितलं. रात्री दोनच्या सुमाराला रुग्णालयातल्या डॉक्टरांचा फोन आला. सलाइन चालू असतानाही साखर पुन्हा ६२ वर आली होती. त्यांनी वाढवून दिली. मुलगा शेजारीच होता, त्याने माझ्याशी बोलायला फोन मागून घेतला आणि बराच वेळ नुसता “मॅडम, मॅडम” एवढंच म्हणत राहिला.

नंतर सोसायटीत चर्चा झाली की म्हाताऱ्या माणसांना रात्रीच्या सामन्यांना आणूच नये. मला हे पटत नाही. या मुलींचे आईबाप नोकरीत अडकलेले असतात. सरावाला पोचवणारे, बुटांची नाडी बांधून देणारे, पावसात छत्री धरून उभे राहणारे हे आजी-आजोबाच. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना इथेच, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाला, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं, तेव्हाही या आजोबांनीच नातीला नेलं होतं. त्यांना घरी बसवायचं कशाला? शुगरची गोळी घेतली असेल तर जेवण वेळेवर व्हायला हवं, मैदानात उशीर होणार असेल तर डबा बरोबर हवा, खिशात ग्लुकोज हवं. आणि शुगर असलेला माणूस थंडीत अचानक गप्प झाला, विचित्र बोलायला लागला, तर शालीच्या आत हात घालून बघावं. मशीन हाताशी नसेल आणि तो गिळू शकत असेल, तर सरळ साखरेचं पाणी द्यावं. शुगर वाढलेलीच असली तरी तेवढ्या साखरेने फारसं बिघडत नाही. कमी असेल आणि साखर दिली नाही, तर जीव जाऊ शकतो. ब्रँडी तर मुळीच नको. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगातली ऊब बाहेर जाते, आणि यकृत जी थोडी साखर तयार करत असतं तेही दारू अडवते.

आजोबांच्या डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी बंद केली आणि सकाळची बदलली. अंतिम सामन्याला ते आले, साडेसातला पोळी-भाजी खाऊन, मामांच्या शेजारी पुठ्ठ्यावर बसून. चहाच्या टपरीवाल्यांनी ग्लुकोजचा पुडा ठेवायला सुरुवात केली आहे, आयोजक मध्यंतराला माइकवरून जेवणाची आठवण करतात. एका गोष्टीवर मात्र अजून एकमत झालेलं नाही. संध्याकाळी आधी मैदान मोठ्या मुलांच्या संघांना मिळतं आणि मुलींचे सामने त्यानंतर लागतात. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलींनी जानेवारीत रात्री साडेदहापर्यंत खेळावं आणि त्यांच्या घरच्यांनी तोवर गार सिमेंटवर बसावं, हे मला मान्य नाही. पुढच्या मोसमाचं वेळापत्रक दिवाळीनंतर ठरतं. त्या बैठकीला मी आणि त्या मुलीची आई दोघी जाणार आहोत.